थोरलीला कसर लागली

लेम्विग, २४ मे

प्रिय विबेके,

तुझं पत्र येऊन आज चार आठवडे झाले. एवढा उशीर मी कधी केला नव्हता. मधे तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा प्रेबेनने तुला सांगितलं, की टोवे बागेत आहे. मी बागेत नव्हते. त्याच्यासमोरच खुर्चीवर बसून हाताने ‘नाही म्हणून सांग’ असं करत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला पहिल्यांदा खोटं बोलायला लावलं, आणि का लावलं हे त्याने अजून विचारलेलं नाही. त्याचा स्वभावच तसा. विचारायच्या आधी तो वाट बघतो.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की आता पाठ झालंय. ओस्लोच्या संग्रहालयात तुझ्या प्रदर्शनाची पहिली पेटी उघडली आणि आतून धूर निघावा तशी कसरीची पाखरं उडाली. बारीक, फिकट सोनेरी, हात लावला की भुकटी होणारी. तू बटाटा उचलायला गेलीस, तो तुझा उशीएवढा लोकरीचा बटाटा, आणि तो तुझ्या हातात वाळूसारखा झरला. कॉड माशाच्या पाठीला चाळणीसारखी भोकं. कलेजीचं नुसतं मखमलीचं कातडं उरलेलं, खालची लोकर फस्त. अठराच्या अठरा वस्तूंना कसर लागली होती, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, की गोठवून बघायचीही वेळ गेली, हे सगळं आजच्या आज जाळलं नाही तर आमचं सगळं संग्रहालय जाईल. अकरा वर्षांचं काम एका दुपारी भट्टीत गेलं. तू लिहिलंस, “टोवे, मी रस्त्यावर उभी राहून रडले. पोटचं मूल गेल्यासारखं वाटलं मला.” ते वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

इकडचं म्हणशील तर प्रेबेन बरा आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तर रोज धक्क्यापर्यंत जातो आणि मासेमारांशी हुज्जत घालून येतो. शाळेच्या स्वयंपाकघरातून मी सुटले त्याला आता दोन वर्षं होतील. अजून सकाळी साडेपाचला जाग येते आणि तीनशे मुलांचे बटाटे सोलायचे राहिलेत असं वाटून मी उठून बसते. बागेत आंबट देठांचा रुबार्ब या वर्षी फार आलाय. मुरंबा करून करून बरण्या संपल्या. एरवी तुझ्यासाठी सहा बाजूला काढते. या वर्षी काढल्या नाहीत.

तुला लहानपणीच्या आपल्या जेवणाच्या टेबलाजवळची जी खुर्ची आठवते, खिडकीजवळची, ती माझी होती. तू तिच्या शेजारी, दोन उशांवर बसायचीस. आईचा नियम तुला सांगायला नको: ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उरलं तर तेच ताट पुढच्या जेवणाला, गारढोण, जसंच्या तसं. तू पाच वर्षांची, मी अकरा. गुरुवारी कलेजी असायची. तू घास तोंडात धरून बसायचीस, गिळायची नाहीस, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आई कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दाराने गेली, की माझ्याकडे जेमतेम तीन मिनिटं असायची. मी तुझं ताट माझ्यापुढे ओढायचे आणि तुझी कलेजी न चावता गिळायचे. बटाटे, रस्सा, वर तुझ्या तोंडातून हातावर काढून घेतलेला घासही. आई आत यायची तेव्हा तुझं ताट लख्ख. ती म्हणायची, “बघ, जमतं की नाही? नुसती नाटकं.” आणि तू माझ्याकडे बघून टेबलाखालून पाय हलवायचीस.

एक दिवस कोंबड्यांचं लवकर आटपलं. आई दारात उभी आणि माझ्या दोन्ही गालांत तुझी कलेजी. ती ओरडली नाही. तिने भांडं उचललं, रात्रीसाठी ठेवलेलं सगळंच्या सगळं, आणि माझ्यापुढे ठेवलं. “एवढी भूक आहे ना माझ्या मुलीला? खा.” मी सात बटाटे खाल्ले, सगळी कलेजी खाल्ली, वर साईसारखा गोठलेला रस्सा चमच्याने खाल्ला. मग ओकले. ते मलाच पुसायला लावलं. तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून बघत होतीस. त्या दिवशी मला सांगता आलं असतं, की हे माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी खात होते. सांगितलं असतं तर पुढच्या गुरुवारी आई तुझ्या उरावर बसून राहिली असती. म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून घरात माझं नाव ‘खादाड’ पडलं आणि आईने ते दुधवाल्यापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

शाळेत मग ‘डुकराची बादली’ झालं. मुलं आपल्या डब्यातला राय-पावाचा चावलेला तुकडा माझ्या बाकावर आणून ठेवायची. “बादली, घे, तुझं जेवण.” तू सहा वर्षांची झालीस, त्याच शाळेत आलीस, आणि पहिल्या आठवड्यात मी तुला अंगणात त्यांच्यात उभी राहून हसताना पाहिलं. हसली नसतीस तर तुलाही चिडवलं असतं, हे मला कळत होतं. मी ते पोटात घातलं. माझं पोट मोठंच होतं.

तू गॉथेनबर्गला शिकायला गेलीस, कोपनहेगनला राहिलीस, आणि एक दिवस पोस्टाने मला एक पुडकं आलं. आत लोकरीचा पावाचा तुकडा आणि त्यावर रेशमी हेरिंग मासळी, कांद्याच्या चकत्यांसकट. इतकी हुबेहूब, की प्रेबेनने वास घेऊन बघितला. मी ती शाळेच्या स्वयंपाकघरात काचेच्या पेटीत लावली होती. मुलं विचारायची, “टोवे, हे खायचं का?” मी सांगायचे, “माझ्या बहिणीने केलंय. ती सुईने स्वयंपाक करते.” पंधरा वर्षं मी ते वाक्य अभिमानाने बोलले. हे तुला ठाऊक असू दे. पुढचं वाचताना तुला वाटेल, की मी पहिल्यापासून जळत होते. नव्हते.

आई गेली तेव्हा प्रेबेन हॉस्पिटलमध्ये होता. तू म्हणालीस, “माळा मी आवरते. मला जुनी लोकर लागतेच.” मला हायसं वाटलं होतं. मी फोनवर एवढंच म्हटलं, की धुराड्याच्या मागे एक लहानसा खोका आहे, दोरी बांधलेला, तो माझा आहे, बाजूला ठेव. तू ‘हो हो’ म्हणालीस. महिन्याने मी विचारलं, तर म्हणालीस, “कुठला खोका? नुसत्या चिंध्या होत्या गं.” मला वाटलं, आईनेच कधीतरी टाकला असेल. तिच्याकडून तशी अपेक्षाच होती.

मग गेल्या वर्षीचा जानेवारी. ‘रविवारचं जेवण’ हे तुझं प्रदर्शन. तू आम्हा दोघांना पहिल्या रांगेची निमंत्रणं पाठवलीस. मी नवा कोट घेतला, प्रेबेनने टाय बांधला. दालनात शिरलो तर माणसांची गर्दी, हातात वाइनचे पेले, आणि चारी बाजूंना आपल्या आईचं टेबल. माणसाएवढा कॉड, मोहरीच्या पिवळ्या रश्श्यात लोळणारा. लाल कोबीचा मखमली ढीग. मी हसत होते, विबेके. मी प्रेबेनला दाखवत होते, “हे बघ ब्लड सॉसेज, अस्संच असायचं.” आणि मधोमध ती. चार थरांचा स्ट्रॉबेरीचा केक, माझ्या डोक्याच्याही वर, त्याला दोन गुबगुबीत हात, सॉसेजसारखे, येईल त्याला मिठी मारायला पसरलेले. कमरेच्या थराला निळ्या फुलांचं कापड. माझ्या झग्याचं, शाळा संपली तेव्हा घातलेल्या. वर क्रीममध्ये बसवलेलं गोल गुलाबी तोंड, उघडं. खाली पाटी: ‘थोरली’. लोक रांगेने तिच्या मांडीत बसत होते आणि फोटो काढून घेत होते. एक बाई बसली, ती अर्धी आत रुतली, आणि सगळे हसले. “गिळलं गं तुला,” तिची मैत्रीण म्हणाली.

तू माइकवर बोललीस. मला आजही तुझा आवाज ऐकू येतो, किती सहज, किती छान बोलतेस तू. “आमच्या घरी जेवण म्हणजे लढाई होती. माझी मोठी बहीण समोर येईल ते खायची. आईची पाठ वळली, की माझ्या ताटातलंही ओढून घ्यायची. कित्येकदा मी उपाशी झोपले आहे. पण आज मी तिला क्षमा केली आहे. ती इथेच बसली आहे.” आणि टाळ्या. सगळ्यांच्या माना वळल्या. एका तरुण मुलीने माझ्या खांद्यावर थोपटलं, तू मला क्षमा केलीस म्हणून. प्रेबेन उठायला लागला, मी त्याचा हात दाबला. कदाचित तुला तसंच आठवत असेल. पाच वर्षांचं पोर, त्याला काय दिसणार? ताट समोरून गेलं एवढंच. मी स्वतःची अशीच समजूत घातली, त्याच मिनिटाला, तिथेच बसून. तेही पोटात गेलं असतं, हे मी तुला शपथेवर सांगते.

मग तू मला हाताला धरून तिच्याजवळ नेलंस. “राग नाही ना आला? गंमत आहे गं.” मी म्हटलं, नाही. माझ्या नजरेसमोर दुसरा थर होता, कस्टर्डचा, फिकट पिवळा. तो रंग बाजारात मिळत नाही. कारण तो रंग मी केला होता, आमच्या शेजारच्या सोल्वायच्या मेंढ्यांच्या लोकरीला, आमच्या मागच्या अंगणात, बर्चच्या पानांत उकळून. मी विचारलं, “ही पिवळी लोकर कुठून आणलीस?” तू खुलून सांगायला लागलीस. “आवडली ना? आईच्या माळ्यावर सापडली. कुणाच्या तरी बाळाचे स्वेटर होते, टोपडी, मोजे, अगदी न वापरलेले. उकळत्या पाण्यात घालून रगडले, इतका सुंदर घट्ट नमदा झाला! उरलेले कातरून आत भरले. बघ, ही बाही तर मी तशीच ठेवली, वर गुलाब म्हणून.” आणि तू मला तो गुलाब दाखवलास. माझ्या अंगठ्याएवढी बाही, तिच्या काठाला सुटलेला एक टाका. मी म्हटलं, “छान आहे.” बाजूला एक गृहस्थ उभे होते, त्यांनीही छान आहे म्हटलं.

कुणाच्या तरी बाळाचे नव्हते ते. आस्ताचे होते. माझ्या आस्ताचे. तुला एकोणीस दिवसांसाठी मावशीपण मिळालं होतं, विबेके, तू एकवीस वर्षांची असताना. एकोणीस दिवस ती नळ्यांमध्ये होती, म्हणून तिला एकही स्वेटर घालता आला नाही, म्हणून ते ‘न वापरलेले’. तुझी परीक्षा होती, तू पुरायला आली नाहीस. तू कार्ड पाठवलंस, त्यावर बदकं होती. ते कपडे मला घरात बघवत नव्हते आणि टाकवतही नव्हते, म्हणून मी खोका दोरीने बांधून आईच्या माळ्यावर ठेवला. वर तिचं पूर्ण नावही लिहिलं नाही, नुसतं पहिलं अक्षर. तू मुद्दाम केलं असतंस तर मी तिथेच तुझ्या थोबाडीत दिली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण तू मुद्दाम केलं नाहीस. तुला आठवलंच नाही. मला मूल झालं होतं, हेच तुझ्या लक्षात नव्हतं.

घरी जाताना गाडीत प्रेबेनने विचारलं, “तो पिवळा रंग...” मी म्हटलं, “तसाच दिसतोय, तो नाही.” त्याच्या हृदयाला टाके पडून तेव्हा दहा महिने झाले होते.

आमच्या गॅरेजमध्ये प्रेबेनची लष्करातली एक जुनी लोकरीची घोंगडी होती. आदल्या शरदात उलगडली तर कसरीने भरलेली. प्रेबेन म्हणाला, “जाळून टाक.” मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती आणि जाळायची राहून गेली होती. फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी मी तिचे बोटभर तुकडे कापले. प्रत्येक तुकड्यात अळ्या असतील असं बघून कापले, चष्मा लावून. माझ्या हाताला सवय आहे, पीठ चाळताना अळी कुठे असते हे मला कळतं. तुकडे काचेच्या औषधाच्या बाटलीत भरले, गाद्या शिवायची दाभण घेतली, आणि तुझ्या प्रदर्शनाला जायला सकाळची बस पकडली.

पाच मंगळवार गेले मी. तिथले रखवालदार, फ्लेमिंग नाव त्यांचं, उंच, वाकलेले, त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं. “अहो, तुम्ही तर खरी ‘थोरली’! या, या, तुम्हाला तिकीट कसलं?” त्यांनी मला स्टूल आणून दिलं. म्हणाले, “दमला असाल तर तिच्या मांडीतच बसा ना, घरचीच आहे.” इतरांनी बाकीच्या वस्तूंना बोट लावलं तरी ते खोकून दाखवायचे, मला मात्र हवं तिथे हात फिरवू द्यायचे. मी बटाट्याची शिवण दाभणीने उचकटायचे, तुकडा आत सरकवायचे, अंगठ्याने दाबून बंद करायचे. कॉडच्या कल्ल्यात. कोबीच्या पानांखाली. कलेजीत तीन घातले. तुझे टाके फार सुंदर आहेत, एवढं जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. तिसऱ्या मंगळवारी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. फ्लेमिंगनी मला पुढे ढकललं, “ह्याच त्या, ह्यांचा काढा.” मी केकला मिठी मारली. तो फोटो तू तुझ्या खोलीत फ्रेम करून लावलास, ‘बहिणींची भेट’ असं खाली लिहून. फोटोत माझा उजवा हात दिसत नाही. तो केकच्या पाठीमागच्या शिवणीत होता.

केकचं काम मी अर्धंच सोडलं होतं. माझ्याने होईना. पाचव्या मंगळवारी मी बाटलीतला शेवटचा तुकडा घेऊन तिच्या मागे उभी राहिले, तेव्हा पिवळ्या थराला माझा गाल लागला होता. वाटलं, हा एक थर सोडावा. वाटलं, ती बाही कापून घेऊन जावी, कुणाला कळणार आहे? फ्लेमिंग पाठ करून उभे होते. दाभणीने दोन टाके उसवले असते की झालं असतं. पण मग ती बाही मी घरी कुठे ठेवणार होते, आणि तू मोकळी जागा बघून तिथे दुसरं काहीतरी शिवलं असतंस, आणि लोक पुढेही तिच्या मांडीत बसून हसले असते. मी तुकडा आत घातला. पिवळ्यातच घातला. सगळ्यात खोल.

गेल्या वर्षी मे महिन्यात प्रदर्शन आवरलं. त्या दिवसापर्यंत कुणाला काही दिसलं नाही, आणि सगळं पेट्यांत बंद झालं, उबदार गोदामात, अंधारात, दहा महिने. कसरीला याहून चांगलं घर मिळत नाही. मी रोज सकाळी उठून मनाशी म्हणायचे, आज फोन करून सांगावं. मग कॉफी करायचे. तुझ्या पत्राच्या आधी, ज्या दुपारी तू फोनवर भट्टीची बातमी दिलीस, त्या दुपारी मी फोन ठेवला, प्रेबेनसाठी माशाचे गोळे तळले आणि पोटभर जेवले. खरं तेच सांगते.

पण मग तू ती मुलाखत दिलीस. कसर आली ती लेम्विगच्या सोल्वायच्या लोकरीतून, ‘एका म्हातारीच्या निष्काळजीपणाने माझं आयुष्य पोखरलं’, असं तू नावगावासकट छापून आणलंस. आपली सोल्वाय. तिची लोकर तू वीस वर्षं वापरलीस, ती तिने कधी तुला एक पाणी कमी धुऊन दिली नाही. पेपर आला त्याच आठवड्यात ती माझ्या दारात उभी, बहात्तर वर्षांची बाई, हातात लोकरीचा पेळू. “टोवे, तू बघ. तुझ्या डोळ्यांनी बघ. यात काही आहे का? मी तीन पाण्यांत धुते, उन्हात वाळवते. मग तुझी बहीण असं कसं बोलली?” मी तो पेळू खिडकीत धरून बघितला. म्हटलं, “नाही, यात काही नाही.” म्हटलं, “विबेके दुःखात आहे, मनावर घेऊ नकोस.” तिला बसवलं. मागोमाग विणकर मंडळींनी तिच्याकडून लोकर घेणं बंद केलं. जत्रेत तिच्या टेबलापासून लोक वळून जायचे, एका पोराने तर तिच्या अंगावर झुरळ मारायचं औषध फवारायचं नाटक केलं. लोकर कातरायचे दिवस आले आणि कातरणारा माणूस म्हणाला, “कशाला कातरता, घेणार कोण?” गेल्या शुक्रवारी कत्तलखान्याचा ट्रक आला. बेचाळीस मेंढ्या, त्यांची पिल्लं वेगळी. मी कुंपणाशी उभी होते. सोल्वाय प्रत्येकीला नावाने हाक मारून फळीवर चढवत होती, कारण हाक मारली की त्या येतात. ट्रक गेल्यावर ती मोकळ्या वाड्याचं फाटक लावायला गेली आणि ते तिला लावता येईना, म्हणून मी लावलं, आणि तिला घरी आणून कॉफी दिली.

आज सकाळी मी तिच्याकडे गेले आणि तुला आत्ता जे सांगितलं ते सगळं तिला सांगितलं, घोंगडीपासून. ती मेंढ्यांच्या पाण्याची डोणी घासत होती. तिने ब्रश थांबवला नाही. शेवटी म्हणाली, “शुक्रवारी तू मला कॉफी दिलीस, टोवे. वर केकचा तुकडा दिलास. मी म्हटलं, एवढं एक माणूस तरी आपलं आहे.” आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मी तिची माफी मागितली, तिने दिली नाही. तुझी मागत नाही. हे पत्र लिहिलं ते त्यासाठी नाही. मी पेपरवाल्यांना फोन केला होता. ते म्हणाले, शेजारणीला वाचवायला रचलेली गोष्ट दिसते, स्वतः विबेके बोलल्या तर छापू. म्हणून हे पत्र त्यांना दे. सगळं छापा, आस्ताचं नावही छापा, तिचं नाव आजवर कुठेच छापलेलं नाही. आणि तू विचारलंस, ‘हात चालत नाहीत, जूनमध्ये तुझ्याकडे येऊन राहू का, माझं तुझ्याशिवाय कोण आहे?’ खरंच कुणी नाही. प्रेबेन सोडला तर मलाही नाही. तरी येऊ नकोस.

तुझीच,
टोवे